सर्व चाचण्यांत उत्तीर्ण झालेली फळी

शाळेच्या फाटकासमोर एक चर होता. पाणीपुरवठा विभागाने तो पाइप टाकण्यासाठी खणला होता, आणि पाइप यायचा असल्यामुळे तो बुजवता येत नव्हता. पाइप का येत नाही याचे कारण विभागाने फाटकावरच चिकटवले होते : चर खणून तयार असल्याचा दाखला प्राप्त झालेला नाही. चर सगळ्यांना दिसत होता, पण विभागाला दाखला दिसत नव्हता. म्हणजे विभागाच्या दृष्टीने चर अजून खणलाच गेला नव्हता, आणि न खणलेल्या चरावर जाण्यायेण्यासाठी फळी टाकून देण्याची तरतूद कोणत्याच नियमात नसते.

मुलांना त्याचे काही वाटत नव्हते. रोज सकाळी उडी मारून शाळेत जायला मिळते म्हणून ती उलट लवकर येऊ लागली होती. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, साडी सावरून, डोळे मिटून तो चर ओलांडत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा मुख्याध्यापिका होत. अडचण एकटीची होती. चौथीत एक मुलगी होती, तिला सगळे भिंगरी म्हणत. ती चाकांच्या खुर्चीत बसे आणि मैदानावर ती खुर्ची एका जागी अशी गरकन फिरवी की बघणाऱ्याला घेरी यावी. या मुलीला चरापाशी मात्र थांबावे लागे. तिची आई शिवणकाम करी. ती मशीन सोडून बरोबर येई, मग कोणीतरी मोठे माणूस एका बाजूने आणि आई दुसऱ्या बाजूने धरी, आणि खुर्चीसकट भिंगरी पलीकडे जाई. तेवढा वेळ ती ओठ आवळून बसे. एके दिवशी पलीकडे टेकल्यावर तिने आईला शांतपणे सांगितले की उद्यापासून ती येणार नाही. पाइप आला की येईल.

"अगं, एवढंसं उचलायचं तर असतं," आई म्हणाली.

"तुला कोणी पोत्यासारखं उचललंय का?"

आईने खुर्चीच्या चाकाला लागलेली माती पदराने पुसली. खुर्चीची दुसरी बाजू त्या दिवशी मी धरली होती.

मी निवृत्त शिक्षक. ज्या तासाला कोणी नसते त्या तासाला शाळा मला बोलावते. मी बोलताना सारखे 'सावकाश, सावकाश' म्हणतो, म्हणून मुले मला सावकाश सर म्हणतात. त्याच दिवशी माझ्या वाट्याला विज्ञानाचा तास आला होता आणि धडा होता संमिश्र पदार्थांचा. मी टेबलावर तीन वस्तू मांडल्या. एक कागद, एक गोणपाटाचा तुकडा आणि सुताराकडून आणलेला पांढरा गोंद. एकटा कागद फाटतो. एकटे गोणपाट लोंबते. एकटा गोंद वाळला की तडकतो. पण तिघांना एकत्र आणले की धागा ओढ सहन करतो आणि गोंद त्या धाग्याला जागेवरून हलू देत नाही.

"म्हणजे ते एकमेकांना सांभाळून घेतात," भिंगरी म्हणाली.

पुस्तकाने हे सांगायला दोन पाने घेतली होती. मी तिला तसे सांगितले, आणि मग सहज विचारले, याची एक फळी करून बघायची का? कोणती फळी आणि कशासाठी, हे मी बोललो नाही. वर्गाने भिंगरीकडे पाहिले आणि सगळे एकदम उठले.

जुन्या उत्तरपत्रिका कपाटात भरपूर होत्या. धान्याच्या दुकानातून गोण्या आल्या. काम सुरू झाले आणि लगेच थांबले, कारण भांडण लागले. खिडकीकडच्या मुलांचे म्हणणे होते की गोणपाटाचे धागे उभे हवेत, फळीच्या लांबीला धरून. म्हणून आडवे धागे उसवून टाकावेत. दाराकडच्या मुलांचे म्हणणे बरोबर याच्या उलट होते. दोन्ही बाजूंनी धागे उसवले, आणि मग एकमेकांशी बोलणे बंद केले. मी म्हटले, सावकाश. एक थर यांचा, एक थर त्यांचा, मध्ये गोंद आणि कागद. यावर समेट झाला. विज्ञान पटले म्हणून झाला असे नाही. शेवटचा, सर्वांत वरचा थर आपलाच असणार, अशी दोन्ही पक्षांची मनातून खात्री होती.

मग नकाशांचे कपाट त्या थरांवर आडवे केले आणि वर्ग पाळीपाळीने त्यावर बसून पाढे म्हणू लागला. फळी वाळली. मोठ्या बाईंनी फाटकाला लावून उरलेला हिरवा रंग दिला. चरावर फळी टाकल्यावर ती किती वजन पेलेल अशी शंका निघाली, तेव्हा मी मधोमध जाऊन उभा राहिलो. मग मोठ्या बाई उभ्या राहिल्या, या खेपेला डोळे उघडे ठेवून. मग मावतील तेवढी मुले उभी राहिली. फळी हूं की चूं करीना.

भिंगरी आईचा हात बाजूला सारून एकटीच आली. मध्यावर थांबली आणि वाकून खाली पाहू लागली. इतके दिवस ती त्या चरावरून जात होती, पण उचलून नेलेल्या माणसाला खाली बघायला कोणी थांबू देत नाही.

"सर, खाली बेडूक आहे," तिने जाहीर केले आणि आत गेली.

येथपर्यंत सर्व ठीक होते.

पालकसभा भरली. आमच्याकडे एक पालक आहेत, त्यांना आम्ही जागरूक पालक म्हणतो. माणूस अत्यंत सज्जन. प्रत्येक सभेत ते एक प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत, कारण प्रश्न विचारला की जागरूकतेचे काम संपते. त्यांनी फळीचे तोंड भरून कौतुक केले आणि शेवटी विचारले, "पण तिला काही प्रमाणपत्र वगैरे?"

तासाभरापूर्वी त्याच फळीवरून आत आलेली माणसे खिडकीतून तिच्याकडे अनोळखी नजरेने पाहू लागली. एका आजींनी तर परत जाताना मला विचारले की मागच्या बाजूने रस्ता आहे का. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी संमिश्र पदार्थ गुणधर्म व उपयोग संशोधन केंद्राला विनंती केली. केंद्र आमच्याच रस्त्याच्या टोकाला होते. इतके जवळ असूनही ते आजवर आमच्या उपयोगी पडले नव्हते, यात त्यांचा दोष नाही. आम्ही कधी विनंतीच केली नव्हती.

केंद्राची इमारत मोठी होती. डाव्या बाजूला उभा विभाग होता. तेथे उभ्या धाग्यांवर संशोधन चाले. उजव्या बाजूला आडवा विभाग. मध्ये गोंद विभाग. उभे आडव्यांशी बोलत नसत, आणि गोंद विभाग दोघांशीही बोलत नसे, कारण कोणाशी आधी बोलावे याबद्दल आदेश नव्हता. केंद्राने आजवर एकही वस्तू तयार केलेली नव्हती. त्यांनी नमुने तयार केले होते. दोन्हींतला फरक संचालकांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितला : वस्तू वापरली की झिजते, नमुना वापरायचाच नसतो.

तपासणीला नमुना अधिकारी आले. बारीक, अदबशीर गृहस्थ. त्यांच्याजवळ मखमलीचे अस्तर असलेली एक पेटी होती आणि पेटीत करवत. त्यांनी फळीवर हात फिरवला, टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवत म्हणाले, "इतकी सुंदर फळी मी आजवर कापली नाही."

मी विचारले, कापायची कशाला?

"गुणधर्म आत असतात ना सर. बाहेरून कसे दिसणार? अगदी काठाचं घेतो. कळणारसुद्धा नाही."

त्यांनी काठाची एक पट्टी कापून नेली. ती यंत्रात दोन्हीकडून ओढली. पट्टी तुटली नाही, यंत्राचा चिमटा वाकला. निकाल उत्तम आला म्हणून आम्ही वर्गात टाळ्या वाजवल्या. त्या घाईच्या होत्या. वाईट निकाल एकदाच पुरतो, असे नमुना अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितले. चांगला निकाल मात्र चुकून आला नाही ना, हे पुन्हा पाहावे लागते. म्हणून त्यांनी दुसऱ्या काठाची पट्टी नेली. तीही उत्तीर्ण झाली. साहजिकच तिसरी न्यावी लागली.

मग पाण्याची चाचणी झाली, आगीची झाली, वाकवण्याची झाली. एक वार्धक्य चाचणी होती. तिच्यात पट्टी भट्टीत ठेवून तिला लवकर म्हातारी करतात आणि म्हातारपणी ती कशी वागते ते पाहतात. या चाचणीत मी विशेष रस घेतला. निकाल आला : वयोमानानुसार समाधानकारक. माझे डॉक्टरही हेच म्हणतात.

फळी जसजशी मजबूत सिद्ध होत गेली, तसतशी ती अरुंद होत गेली. भिंगरीने तक्रार केली नाही. तिने मैदानात खडूने दोन रेघा ओढल्या आणि मधल्या सुट्टीत त्यांच्यामधून खुर्ची सरळ नेण्याचा सराव सुरू केला. पट्टी गेली की ती रेघा जवळ आणी. वर्ग दोन्ही बाजूंना उभा राहून श्वास धरी. मग एका सकाळी ती चरापाशी आली, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत दोरीने माप घेतले, तीच दोरी फळीवर धरली, दोरीचे उरलेले टोक बघितले, आणि दोरी गुंडाळून मांडीवर ठेवली. त्या दिवशी तिला पुन्हा उचलून आत न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी ती चराच्या अलीकडेच थांबली. उचलून घेणार नाही म्हणाली.

नमुना अधिकारी तेव्हा पुढची पट्टी आखत होते. भिंगरीच्या आईच्या तोंडात अजून टाचण्या होत्या. त्या तिने एकेक काढून पदराला टोचल्या आणि मग बोलली.

"साहेब, तुम्ही फळी तपासताय की खाताय?"

"ताई, मुलीच्या सुरक्षिततेसाठीच चाललंय हे सगळं."

"मुलगी बाहेर बसलीय."

"मग सुरक्षितच आहे की," नमुना अधिकारी म्हणाले, आणि त्यांनी आखलेल्या रेषेवर करवत ठेवली. ते टोचून बोलले नव्हते. त्यांना खरोखर बरे वाटले होते.

शेवटी फळीचा एक दांडका उरला. त्यावरून फक्त मांजर जाई. तोही केंद्राने नेला, कारण तपासलेल्या पदार्थाचा मूळ नमुना काचेच्या कपाटात जपून ठेवावा लागतो. सर्व चाचण्या पूर्ण झाल्या होत्या. सर्वांत फळी उत्तीर्ण झाली होती. संचालक स्वतः प्रमाणपत्र घेऊन आले, फुले आली, छायाचित्रे निघाली. प्रमाणपत्र कायम फळीवर लावलेले असावे अशी अट होती. फळी नसल्यामुळे ते फाटकावर, चराच्या बरोबर वर टांगण्यात आले.

मुलांनी तोवर दुसरी फळी करायला घेतली होती. गोण्या जमवल्या होत्या, कपाट रिकामे केले होते. संचालकांनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बाजूला घेतले. त्यांनी समजावले ते असे : काल ही मुले काहीही करू शकत होती, कारण तो पदार्थ तेव्हा प्रमाणित नव्हता. आता तो प्रमाणित झाला आहे. यापुढे प्रमाणित पद्धतीशिवाय केलेली फळी म्हणजे नक्कल, आणि चौथीतल्या मुलांवर नक्कल केल्याचा ठपका यावा असे मलाही वाटत नसेल.

मी विचारले, "प्रमाणित पद्धत कोणती?"

"तीच आम्ही शोधतोय," ते म्हणाले. "मुलं कशी करत होती, आठवतंय का तुम्हाला?"

मी सांगितले. उभा थर, आडवा थर, मध्ये गोंद. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि चेहरा गंभीर केला. "उभा आणि आडवा एकाच फळीत? सर, ते दोन वेगळे विभाग आहेत."

त्यामुळे केंद्राने दोन फळ्या केल्या. प्रात्यक्षिकाच्या दिवशी उभ्या विभागाची फळी आधी आली. तिचे सर्व धागे लांबीला होते. विभागप्रमुख तिच्यावर दोन पाय फाकून उभे राहिले. फळी मोडली नाही, मात्र त्यांच्या दोन पायांच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरत गेली. मग आडव्या विभागाची फळी आली. तिच्यावर त्यांचे प्रमुख पुरते उभेही राहिले नाहीत, एक पाय टेकवला तोच ती बिस्किटासारखी तुटली आणि त्यांचा बूट चरात पडला. भिंगरी समोरच बसून होती. बूट बेडकाच्या अंगावर पडला का, एवढेच तिने विचारले.

दोन्ही विभागांनी त्याच दिवशी कारणमीमांसा सादर केली. आडव्या विभागाच्या मते फळी निर्दोष होती, चराची दिशा चुकली होती. चर दुसऱ्या दिशेने खणला असता तर हेच धागे लांबीला आले असते. उभ्या विभागाच्या मते दोष पायांचा होता. माणसाला दोन पाय असतात ही बाब त्यांना आधी कळवण्यात आली नव्हती.

याच सुमारास एक अनपेक्षित गोष्ट घडली. पाणीपुरवठा विभागाचा माणूस रस्त्याने जाताना फाटकावरचे प्रमाणपत्र पाहून थांबला. चराच्या वर, चौकटीत, शिक्क्यासह 'सर्व निकषांवर पूर्ण' असे लिहिलेले होते. त्याने ते चराचेच समजून उतरवून घेतले. आठवड्याच्या आत पाइप आला, चरात बसला, आणि मजूर फावडी घेऊन चर बुजवायला उभे राहिले. भिंगरीची आई मशीन तसेच चालते सोडून धावत आली. भिंगरीने दप्तर मांडीवर घेतले. दोन फावडी माती पडलीसुद्धा होती, तेवढ्यात संचालक हात वर करून येताना दिसले.

"थांबा. चर बुजवला तर फळीचा उपयोग काय?"

मजुरांनी एकमेकांकडे पाहिले. प्रश्न बिनतोड होता. केंद्राच्या नावातच गुणधर्म आणि उपयोग असे दोन शब्द होते. गुणधर्म पूर्ण झाले होते, उपयोग बाकी होता, आणि तो फक्त या चरावर होण्यासारखा होता. केंद्राने तत्काळ पडलेली दोन फावडी माती बाहेर काढायला लावली, चराला संशोधन क्षेत्र जाहीर केले आणि भोवती दोरी बांधली. उडी मारण्यास मनाई करण्यात आली, कारण हादऱ्याने चराचे गुणधर्म बदलू शकतात.

आता शाळेत कोणालाच जाता येईना. मोठ्या बाई दोरी बांधली तेव्हा आत होत्या, त्या आतच अडकल्या. पुढे त्या मागच्या भिंतीला शिडी लावून येऊजाऊ लागल्या, आणि शिडीवरून उतरून रिकाम्या शाळेची घंटा वेळच्या वेळी देत राहिल्या. बाकी शाळा रस्त्याच्या अलीकडे भरू लागली. मी फळा झाडाला टेकवला. आमचा वर्ग भिंगरीभोवती पदपथावर बसला. मला वाटले, निदान तिला याचे बरे वाटेल. शेजारच्या मैत्रिणीने तिला तसे म्हणूनही दाखवले की बघ, आता सगळेच तुझ्यासारखे.

"मला आत जायचं होतं," भिंगरी म्हणाली. "तुम्हाला बाहेर आणायचं नव्हतं."

मी फळ्याकडे वळलो आणि खडू शोधत राहिलो. खडू माझ्या हातातच होता.

इकडे केंद्रात अहवाल तयार होत होता. आधी त्याचा आकार वाढला. फळीच्या मजबुतीची रेषा आलेखाच्या कागदात मावेना. रेषा छोटी काढणे संशोधनाच्या दृष्टीने अयोग्य ठरले, म्हणून कागद मोठा करण्यात आला, आणि अखेर एकेक पान दाराएवढे झाले. मग मजकुराचा प्रश्न आला. उभ्या विभागाने आपली पाने उभी छापली. आडव्या विभागाने ती वाचून त्यांतल्या चुका दाखवणारी आपली पाने आडवी छापली आणि नियमाप्रमाणे दुरुस्ती म्हणून मूळ पानावर चिकटवली. उभ्या विभागाने त्या दुरुस्तीवर आपली दुरुस्ती चिकटवली. त्यावर पुन्हा आडवी आली. दोन्ही विभागांना हवे होते ते एकच, शेवटचे पान आपले असावे. पाने टिकावीत म्हणून जाडे कापडी कागद वापरले होते. गोंद विभागाला त्याच्या इतिहासात प्रथमच दोन्हीकडून काम मिळाले, आणि त्याने आजवर साठवलेला उत्तमातला उत्तम गोंद वापरला. अखेर अहवालावर कातडी वेष्टन चढवून तो दाबयंत्रात ठेवण्यात आला. बाहेर आला तेव्हा तो उघडत नव्हता. संचालकांना ही उणीव वाटली नाही. ते म्हणाले की यापूर्वीचे अहवालही कोणी उघडले नव्हते.

तो अहवाल शाळेच्या अभिप्रायासाठी पाठवण्यात आला. नमुना अधिकारी हमालांसह हातगाडी घेऊन आले आणि चरापाशी थांबले. वर्ग भोवती जमला. भिंगरीने पुढे होऊन अहवालावर बोटाच्या सांध्याने टकटक केली. मग दुसऱ्या ठिकाणी केली.

"काका, आत काय आहे याच्या?"

नमुना अधिकाऱ्यांना मुलांचे कौतुक होते. त्यांनी अभिमानाने सगळे सांगितले. उभी पाने, आडवी पाने, मधला गोंद, वरचे वेष्टन, दाबयंत्र. ते सांगत असताना खिडकीकडच्या मुलांनी दाराकडच्या मुलांकडे पाहिले.

"सर," भिंगरी माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "उभा, आडवा, उभा, आडवा."

"सावकाश," मी म्हणालो. पण तिने आधीच नमुना अधिकाऱ्यांना विचारले होते की हा अहवाल कोणाला द्यायचा आहे.

"मुख्याध्यापिकांच्या हाती. सही घेऊन."

"त्या आत आहेत."

नमुना अधिकाऱ्यांनी दोरीकडे पाहिले, खिशातून नियम काढून वाचले. माणसांना मनाई होती. सरकारी दस्तऐवज पलीकडे नेण्यास मनाई नव्हती. हमालांनी अहवालाचे एक टोक अलीकडे टेकवले आणि दुसरे दोरीखालून पुढे सरकवत नेले. ते पलीकडच्या काठावर, मोठ्या बाईंच्या पायापाशी नीट टेकले. मोठ्या बाई वाकल्या, त्यांनी टोक उचलायचा प्रयत्न केल्यासारखे केले, मग सरळ झाल्या आणि सही केली. सहीखाली त्यांनी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला : अहवाल आहे त्या जागी प्राप्त झाला, तेथेच रोज उपयोगात राहील.

मी दोरीचे एक टोक सोडले. भिंगरीने चाके हातात धरली. खडूच्या रेघांमधून इतके दिवस केलेल्या सरावाची आता गरज नव्हती, अहवाल ऐसपैस होता. ती मध्यावर गेली, थांबली, वाकून खाली पाहिले.

"आहे," ती म्हणाली. बेडकाबद्दल. आणि आत गेली.

मागून वर्ग गेला. वर्गामागे चाललेल्या भिंगरीच्या आईने वळून पाहिले तर नमुना अधिकाऱ्यांचा हात सवयीने मखमली पेटीवर गेला होता. आम्ही सगळेच त्या हाताकडे पाहत राहिलो. त्यांनी पेटी उघडली, करवतीकडे बघितले, अहवालाकडे बघितले, आणि पेटी मिटली.

"अहवालाला हात लावता येत नाही," ते म्हणाले. "एक अक्षर कापलं तरी गुन्हा आहे." मग पेटीची कडी लावत ते म्हणाले, "बरं झालं."

संचालक आले तेव्हा मला धाकधूक होती. पण त्यांनी अहवालावरून जाणाऱ्या मुलांची रांग पाहिली आणि त्यांचे डोळे भरून आले. केंद्राच्या कोणत्याही अहवालाचा आजवर एवढ्या लोकांनी एवढा उपयोग केला नव्हता. उपयोगाचेही काम पूर्ण झाल्याचे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केले. चर मात्र आता बुजवता येणार नाही, अहवालाला टेकायला जागा हवी, असे ते म्हणाले, आणि आम्ही मान हलवली.

परवा पुन्हा पालकसभा होती. जागरूक पालक चराच्या अलीकडे थांबले. त्यांनी अहवालाकडे पाहिले, चष्मा पुसला, परत पाहिले आणि तोंड उघडले. भिंगरी फाटकात स्वागताला होती.

"काका," ती म्हणाली, "या ना. सर आत्ताच गेलेत त्यावरून, बाईही गेल्या. तुम्हीपण या."

ते क्षणभर तसेच, उघड्या तोंडाने उभे राहिले. मग तोंड मिटून आत आले.

आता राहिलात तुम्ही. इतके वाचल्यावर तुमच्याही मनात आलेच असेल की नुसत्या कागदांचा आणि गोंदाचा तो ठोकळा खरोखर किती वजन पेलेल, पावसाळ्यात त्याचे काय होईल, आणि याची कोणी रीतसर खातरजमा केली आहे का. शंका रास्त आहे. वर्गात शंका विचारणाऱ्याला मी नेहमी शाबासकी देतो, आणि मग त्याला घेऊन फळीवर उभा राहतो. तुम्हीही या, आपण दोघे मधोमध उभे राहू. फक्त सभेत उठून विचारू नका. नमुना अधिकारी भला माणूस आहे, पेटी अजून त्याच्याजवळ आहे, आणि तुम्ही विचारलेत तर तो काही फार नेणार नाही. अगदी काठाचं. तुम्हाला कळणारसुद्धा नाही.